कॅन्सरच्या उपचारात जेवण आणि वजन कसं सांभाळायचं: पहिल्यांदाच या वाटेवर आलेल्या घरांसाठी

आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. माझ्या सासऱ्यांना, आबांना, गालाचा कॅन्सर निघाला. मिरजेला ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे लाईट आणि जोडीला दर आठवड्याला किमो. (रेडिएशनला आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात.) त्यातून बाहेर पडून दोन वर्षं होतात न होतात, तोवर कोरेगावला माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला. आबांचं वजन झरझर उतरलं आणि आईचं वाढत गेलं. दोघांचंही खाणंपिणं माझ्याच हातात होतं.

आबांच्या वेळी "आहार चांगला ठेवा" एवढंच कानावर पडलं आणि आम्ही मान डोलावून घरी आलो. चांगला म्हणजे काय, किती, तोंड आल्यावर काय द्यायचं, हे विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. त्याची किंमत आबांनी मोजली. तुमच्या घरावर ती वेळ येऊ नये म्हणून क्रमाने लिहिते.

आधी एक सूचना. तुमच्या माणसाला मधुमेह असेल, किडनीचा त्रास असेल किंवा पोटाचं, आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर खालची मापं जशीच्या तशी उचलू नका. तुमच्या डॉक्टरांना दाखवून त्यात बदल करून घ्या.

१. उपचार सुरू व्हायच्या आधी वजन करा आणि वही घाला

घरात डिजिटल वजनकाटा आणा. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा. दवाखान्याचा काटा आणि घरचा काटा यांत फरक असतो, म्हणून तुलना नेहमी एकाच काट्यावरची करा.

वहीत तारीख, वजन, दिवसभरात काय आणि किती पोटात गेलं, उलट्या, जुलाब, ताप एवढं लिहा. शंभर पानी वही पुरते.

वजन एवढं महत्त्वाचं का, हे मला लाईटच्या चौथ्या आठवड्यात कळलं. डोक्या-मानेला लाईट देताना चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क बनवतात. तो घट्ट बसला तर माणूस हलत नाही आणि किरण ठरलेल्या जागीच पडतात. त्या दिवशी टेक्निशियननी मला आत बोलावलं. आबा मास्क लावून झोपले होते. त्यांनी गालाच्या कडेने एक बोट आत सरकवलं, ते सहज गेलं. मग दुसरं बोट घातलं, तेही गेलं. आबांचा चेहराच उतरला होता. पुन्हा माप, नवा मास्क, नवं प्लॅनिंग, आणि त्यात लाईटचे दिवस चुकले. किमोचा डोसही उंची आणि वजन बघूनच काढतात. वजन कोसळलं तर डोस कमी करावा लागतो, कधी किमो पुढे ढकलावी लागते. म्हणून वजन राखणं हे उपचाराचंच काम समजा.

कधी सावध व्हायचं? ६० किलोच्या माणसाचं वजन ३ किलोंनी उतरलं म्हणजे ५ टक्के गेलं, तिथे सावध व्हा. आठवड्यात किलोभर घट दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. उलट दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं आणि पाय सुजले, तर ते अंगात पाणी साचल्याचं लक्षण असू शकतं. तब्येत सुधारली असं समजून गप्प बसू नका, तेही कळवा.

२. आहारतज्ज्ञांची भेट स्वतःहून मागा

मोठ्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ असतात, पण कुणी आपलं बोट धरून तिकडे नेईलच असं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार असतील, तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना (योजनेच्या रुग्णांना मदत करायला नेमलेली माणसं) विचारा, ते जागा सांगतात. पहिल्या किमोच्या आधीच भेटा. आम्ही भेटलो तेव्हा आबांचं सहा किलो वजन गेलेलं होतं.

जाताना सोबत घ्या:
- फाईल: बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद, ताजे रक्ताचे रिपोर्ट (साखर आणि किडनीचे असलेच पाहिजेत)
- चालू गोळ्यांची यादी, त्यात आयुर्वेदिक आणि घरगुती औषधंही
- वजनाची वही
- आजाराच्या आधी माणूस दिवसभरात काय खायचा, ते एका कागदावर
- योजनेतून उपचार असतील तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड

घरात लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत. थर्मामीटर, मिक्सर, बारीक जाळीची गाळणी, मऊ ब्रश, प्लास्टिकचे किंवा लाकडी चमचे आणि मापाचा एक पेला.

३. किती लागतं, त्याचा हिशेब एकदा मांडा

साधारण माप असं: वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने. म्हणजे ५० किलोच्या माणसाला १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. आकडे बघून घाबरू नका. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम आणि तीन-चार चमचे दूध पावडरीतून ८ ग्रॅम. झाले की पन्नासच्या जवळ.

आपल्याकडे आजारी माणसाला भाताची पेज आणि वरचं पातळ वरण देतात. पोटाला हलकं, हे खरंच. पण त्यात पाणीच जास्त. आबा महिनाभर दिवसातून चार वेळा पेज पीत होते आणि "पोट भरलं" म्हणत होते. पोट भरत होतं, पण अंगावरचं मांस झडत होतं.

४. वाटी तेवढीच ठेवा, आतला ऐवज वाढवा

ज्याला चार घास जात नाहीत, त्याच्यापुढे भरलं ताट ठेवलं की ते बघूनच त्याची भूक मरते. आमच्या घरी महिनाभर हेच चाललं होतं. सासूबाई ताट पुढे सरकवायच्या, आबा मागे ढकलायचे, मग दोघंही गप्प. आहारतज्ज्ञ बाईंनी ताट बंद करायला लावलं. छोटी वाटी, दर दोन तासांनी, दिवसातून सात-आठ वेळा. उरलं तर न बोलता उचलायचं. आठवड्याभरात घरातली कुरबूर थांबली आणि आबांच्या पोटात जास्त जायला लागलं.

वाटीतला ऐवज असा वाढवा:

पेजेत पाण्याऐवजी दूध, वर चमचाभर तूप. उपम्यात, मऊ भातात, खिचडीत तूप आणि मूगडाळ जास्त. दुधाच्या प्रत्येक पेल्यात दोन मोठे चमचे दूध पावडर. आबांचा रोजचा पेला असा होता: २०० मिली म्हशीचं उकळलेलं दूध, दोन मोठे चमचे दूध पावडर, एक पिकलं केळं, भाजलेल्या शेंगदाण्याचा एकदम बारीक वाटलेला मोठा चमचाभर कूट, दोन चमचे साखर. मिक्सरमधून काढून गाळायचं. या एका पेल्यात ४५० ते ५०० कॅलरी आणि १६ ते १८ ग्रॅम प्रथिने जातात. गाळायचं विसरू नका, कूट जाडसर राहिला तर ठसका लागतो.

नाचणीची एक युक्ती इथे लिहिलीच पाहिजे. नाचणीची खीर थोडी पौष्टिक करायला गेलं की घट्ट होते आणि घशाखाली उतरत नाही. त्यावर उपाय मोड आणलेल्या नाचणीचा. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून एक-दीड दिवस मोड येऊ द्या, वाळवा, मंद आचेवर जेमतेम भाजून दळा. आता साध्या पिठाची घट्ट खीर शिजवा, जरा निवली की त्यात मोडाचं पीठ चमचाभर घालून ढवळा. पाच मिनिटांत खीर डोळ्यांदेखत पातळ होते. मोडात तयार झालेला घटक पिठातला स्टार्च तोडतो, म्हणून असं होतं. मग एक उकळी काढा आणि द्या. पाणी न वाढवता तेवढ्याच वाटीत जवळपास दुप्पट पीठ जातं.

५. तक्रार बदलली की जेवण बदला

तोंड आलं असेल तर तिखट, आंबट, खारट, कुरकुरीत सगळं बंद. भडंग, चिवडा, भाकरीचा कडक पापुद्राही टोचतो. साय-भात, दुधात भिजवून कुस्करलेली भाकरी, मऊ मूगखिचडी, कस्टर्ड, पूर्ण शिजलेलं अंडं दुधात वाटून, असं द्या. खूप गरम नको, कोमट किंवा गार. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भरायला लावा. हे पाणी रोज नवं करा. बाजारातला झोंबणारा माऊथवॉश नको. आणि दुखतं म्हणून खाणं थांबत असेल तर डॉक्टरांकडून जेवणाआधीचं दुखणं कमी करणारं औषध मागून घ्या. आबा तीन आठवडे सोसत राहिले, "एवढ्यासाठी कशाला डॉक्टरांना त्रास" म्हणून. तुम्ही सोसू देऊ नका.

मळमळ होत असेल तर उलटीची गोळी उलटी झाल्यावर नाही, सांगितलेल्या वेळेला आधीच द्यायची. फोडणीचा वास माजघरात येऊ देऊ नका. गार पदार्थांना वास कमी असतो, त्यामुळे दही-भात, गार खीर, लिंबू सरबत चालून जातं. पण थांबा, ऑक्झॅलिप्लॅटिन नावाची किमो असेल तर गार वस्तू काही दिवस अजिबात नको. गार पाण्यानेही घसा आवळल्यासारखा होतो, बोटांना झिणझिण्या येतात. आपल्या किमोचं नाव फाईलवर वाचून ठेवा. शिवाय किमोच्या दिवशी माणसाचा आवडता पदार्थ करू नका. आईला पहिल्या किमोच्या दिवशी मी कौतुकाने पुरणपोळी केली. तिला उलटी झाली आणि त्यानंतर वर्षभर तिला पुरणाचा वास सहन झाला नाही.

तोंडाला लोखंडासारखी चव येते, अशी तक्रार सर्रास असते. स्टीलचा चमचा बदलून प्लास्टिकचा किंवा लाकडी द्या. मटण-चिकन नको वाटलं तर अंडी, पनीर, डाळीवर भर द्या. तोंडात जखमा नसतील तर लिंबू, कोथिंबीर, आल्याने चव खुलते.

जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला. मीठ घातलेली तांदळाची पेज, केळं, डाळिंब, घट्ट दही द्या. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा झाले तर घरी औषध न करता दवाखाना गाठा.

बद्धकोष्ठ बहुतेकांना होतं, उलटीच्या गोळ्यांनीही होतं. आमच्याकडे बेदाण्याला तोटा नाही. रात्री मूठभर बेदाणा उकळलेल्या पाण्यात भिजवायचा, सकाळी कुस्करून पाण्यासकट द्यायचा. आबांना याने आराम पडला. मधुमेह असेल तर हा उपाय नको.

६. पांढऱ्या पेशी उतरतात ते दिवस

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा साधा जंतूही भारी पडतो. निरसं दूध, कच्ची मोड आलेली कडधान्यं, अर्धकच्चं अंडं, कापून ठेवलेली फळं, गाड्यावरची भेळ-पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस बंद. घरच्या म्हशीचं दूधसुद्धा चांगलं उकळूनच. ताजं शिजवा, गरम द्या, सकाळचं रात्री नको. फळं स्वच्छ धुऊन, साल काढता येतील अशीच. द्राक्षावर फवारण्या असतात आणि त्याची साल काढून खाणं अवघड, म्हणून त्या दिवसांत मी आमच्याच बागेतली द्राक्षं आबांना दिली नाहीत.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर मध्यरात्र असली तरी निघा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. इथे जिवाशी गाठ असते.

७. घरी येणाऱ्यांचे सल्ले

सगळे प्रेमापोटी सांगतात. आमच्या एका जवळच्या पाहुण्यांनी सांगितलं, "साखर कॅन्सरला खाऊ घालते, दूध तर विषच." आम्ही ऑपरेशननंतर साखर, गूळ, दूध सगळं तोडलं. उकडलेल्या भाज्या आणि भाज्यांचा रस. पंधरा दिवसांत आबा ५८ किलोंवरून साडेचोपन्नवर आले. शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते, ताटातली साखर तोडून फक्त गाठ उपाशी राहत नाही. आधी उपाशी पडतो तो माणूस. मधुमेह नसलेल्या आणि वजन उतरणाऱ्या माणसाच्या दुधातली दोन चमचे साखर काढू नका.

हळद तर सांगलीची, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. आमटीत, दुधात चिमूटभर घाला, बिनघोर. पण चमचे-चमचे हळद किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता नकोत. मोठ्या मात्रेत त्या रक्त पातळ करू शकतात, काही औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात, यकृतालाही त्रास होऊ शकतो. गुळवेलीचा काढा, गव्हांकुराचा कच्चा रस, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा यांचंही तेच. बाटली सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा. लपवून देऊ नका.

"द्राक्षं बंद करा, औषधाच्या कागदावर लिहिलंय," असं वस्तीवरच्या एका मुलाने आपल्या चुलत्यांना सांगितलं होतं. कागदावर होतं ते ग्रेपफ्रूट. ते पपनसाच्या जातीचं फळ, त्याचा द्राक्षाशी संबंध नाही. काही गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट आणि पपनस खरंच टाळायचं असतं. बेदाणा-द्राक्ष नव्हे.

उपवासाचा प्रश्न नाजूक आहे. आबा माळकरी, एकादशी मोडणार नाहीत म्हणाले. मी वाद घातला नाही. राजगिऱ्याची लापशी दुधातली, शेंगदाण्याची पातळ आमटी, उकडलेलं रताळं दुधात कुस्करून, खजूर वाटून, वर तूप. राजगिऱ्यात आणि शेंगदाण्यात प्रथिने चांगली असतात. साबुदाण्यात जवळपास नुसता स्टार्च, त्यावर दिवस काढू नका. निर्जळी मात्र नाही म्हणजे नाही. सिस्प्लॅटिनसारखी किमो चालू असताना अंगात पाणी कमी पडलं तर किडनीला धोका असतो. हे डॉक्टरांच्या तोंडून आबांना ऐकवलं, तेव्हा त्यांनी पाणी घ्यायचं कबूल केलं.

८. नाकातल्या नळीला घाबरू नका

तोंडाने पुरेसं जात नसेल तर डॉक्टर नाकातून पोटात जाणारी नळी सुचवतात. आमच्या घरात त्यावर रडारड झाली. "नळी म्हणजे शेवट" असं सासूबाईंना वाटलं. आम्ही दहा दिवस टाळलं, ते टाळायला नको होतं. नळी घातल्यावर वजन उतरायचं थांबलं. आबा दुखऱ्या तोंडाशी रोज झगडत होते, तेही सुटलं. लाईट संपल्यावर काही आठवड्यांनी नळी निघाली.

नर्सकडून समोर उभं राहून शिकून घ्या, त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून दाखवा. माणसाला टेकून बसवा, आडवं कधीच नाही. नळीवरची खूण जागेवर आहे का बघा. एका वेळी २०० ते २५० मिली, सावकाश, गाळलेलं, कोमट. आधी आणि नंतर साधं उकळून गार केलेलं पाणी. त्यानंतर निदान अर्धा तास बसूनच राहू द्या. खोकला, धाप लागली तर लगेच थांबा. नळी सरकली किंवा निघाली तर घरी घालायचा प्रयत्न करू नका.

आणि बरेच दिवस पोटात जवळपास काहीच गेलं नसेल, तर एकदम भरपूर द्यायला जाऊ नका. किती वेगाने वाढवायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं, रक्तातले क्षार अचानक ढासळू शकतात.

९. वजन वाढत असेल तर

आईचं वजन आठ किमोंत ६ किलोंनी वाढलं. किमोसोबतच्या स्टिरॉइडने भूक वाढते, चालणं-फिरणं थांबतं, पाळी जाते, आणि भेटायला येणारे साताऱ्याहून कंदी पेढे आणतात. आम्ही वर डिंकाचे लाडू चालू ठेवले, कारण "किमोने अशक्तपणा येतो". आबांना दुधात कुस्करलेला एक कंदी पेढा औषधासारखा होता, आईला तोच नको होता. म्हणून एका रुग्णाचा आहार दुसऱ्याला लावू नका.

उपचार चालू असताना वजन कमी करायच्या मागे लागू नका, उपाशी तर मुळीच राहू देऊ नका. अंडी, डाळ, दूध, ताक तसंच ठेवा. फरसाण, सरबतं, पेढे-लाडू कमी करा, ताटात शिजवलेली भाजी वाढवा. आणि चालणं. आई आधी अंगणात पाच मिनिटं चालायची, महिन्याभरात देवळापर्यंत जाऊन यायला लागली. स्टिरॉइडने रक्तातली साखर चढते, ती तपासत राहा.

चालणं आबांसारख्यांनाही लागतंच. हालचाल नसेल तर खाल्लेलं स्नायूंवर येत नाही.

१०. उपचार संपल्यावर

लाईट संपल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्रास वाढतोच. शेवटच्या दिवशी हार-पेढे झाले म्हणून वाटीचं वेळापत्रक सोडू नका. चव परतायला महिने लागतात, आधी एक चव येते, मग दुसरी. आबांना आधी गोड कळायला लागलं, खारट फार उशिरा. तोंडाला कोरड राहते, पाण्याची बाटली जवळ ठेवा, कालवण पातळ ठेवा. तोंड उघडायचे व्यायाम शिकवलेले असतात, ते जेवणाइतकेच नेमाने करायचे, नाहीतर जबडा आखडतो आणि घास शिरेनासा होतो. दातांची तपासणी चुकवू नका. दात काढायची वेळ आली तर लाईट घेतल्याचं दंतवैद्यांना आधी सांगा.

वजनाची वही पुढचे निदान सहा महिने चालू ठेवा आणि प्रत्येक तपासणीला घेऊन जा. आबांच्या वहीत ५१ किलो हा सगळ्यात खालचा आकडा आहे. शेवटच्या पानावर ५६ आहे, आणि त्याच ओळीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: "आज शाळूची अर्धी भाकरी, दुधात न भिजवता."